बेगिमायचा पायबंद

आमच्या कारा-बुलुनमध्ये पेन्शन वेळेवर येते, पण हातात उशिरा पडते. यात पोस्टाचा दोष नाही. दोष माझ्या सुनेचा.

अनारकुल तिचं नाव. गावची पोस्टवाली. शंभराच्या वर घरं, एक टपालाची पिशवी आणि एक चाकांची खुर्ची. खुर्चीत माझी नात बेगिमाय. पेन्शनीच्या दिवशी या मायलेकी निघाल्या की गावातले म्हातारे-म्हाताऱ्या दारातल्या बाकांवर येऊन बसतात. अनारकुल पाकीट स्वतः देत नाही. ते ती लेकीच्या उजव्या मुठीत खोचते, "घ्या" म्हणते आणि हाताची घडी घालून डोंगराकडे बघत उभी राहते.

ती मूठ साधीसुधी नव्हती. अंगठा आत, बोटं वर, गच्च. उघड म्हटलं की जास्त मिटणार. ओढलं की त्याहून जास्त. तिच्यापुढे एकच इलाज, थांबणे. पहिल्या वर्षी एकेका दारात समोवार उकळून चहा ओतला जाईपर्यंत वेळ जायचा. बेगिमाय घामाघूम व्हायची, तिची मान एकीकडे जायची, डोळे दुसरीकडे, आणि मग एक बोट सुटायचं, मग दुसरं. पाकीट खाली पडलं तर अनारकुल ते उचलून पुन्हा मुठीत घालायची. पडलेलं मोजायचं नाही, दिलेलंच मोजायचं, असा तिचा कायदा.

सोपूबेक आबा सगळ्यांत जास्त कुरकुरायचे. जन्मभर सरकारी घोड्यांचे कळप राखले, त्यामुळे पाय कमानीसारखे वाकलेले, आणि जीभ मात्र सरळ. एकदा म्हणाले, "पोरी, पेन्शनीला येईपर्यंत जगेन का याची काळजी होती. आता पेन्शन हातात पडेपर्यंत जगायचंय."

"घाई आहे का आबा?" अनारकुल म्हणाली. "कुठं लग्नाला उभं राहायचंय?"

शेवटी कोणीतरी जिल्ह्याच्या पोस्टात तक्रार केली. तिथले साहेब स्वतः मोटार घेऊन आले. अनारकुलसाठी ताकीदपत्र आणलं होतं, शिक्क्याचं. तिने ते हातात घेतलं, वाचलं नाही, घडी करून लेकीच्या मुठीत घातलं. म्हणाली, या गावात आलेला प्रत्येक कागद याच हातातून जातो, सही हवी असेल तर इथून काढून द्या. साहेबांनी आधी हसून पाहिलं, मग घड्याळ पाहिलं. मी चहा आणला. तीन वाट्या झाल्या. बेगिमायने दोन बोटं सोडली, त्यांच्याकडे पाहून हसली, आणि पुन्हा मूठ मिटली. साहेब टोपी घालून निघून गेले. त्यांचं ते पत्र आमच्याकडेच राहिलं. त्यानंतर तक्रार आली नाही.

ही अनारकुल दक्षिणेकडची, ओशच्या बाजूची. आम्ही डोंगरातले लोक त्या बाजूच्यांना नावं ठेवतो, ते आम्हाला ठेवतात. ती सून होऊन आली तेव्हा मी शेजारणींना सांगितलं होतं की पुलावात गाजरं घालणारी ही बाई चहातसुद्धा गाजर घालेल. माझा मुलगा एर्निस तिला बाजारात भेटला. लग्नात नवरीला दोघी-तिघींनी धरून उंबऱ्यातून आत आणायची आमची रीत. ही म्हणाली, "मला पाय आहेत," आणि एकटीच आत आली, वर मलाच विचारलं की बसू कुठे. तेव्हाच मी ओळखलं की माझं काही चालणार नाही.

बेगिमाय जन्मली तेव्हा खिंड बर्फाने बंद होती. गावच्या नर्सबाईंना जेवढं येत होतं तेवढं त्यांनी केलं. पोर दोन महिने आधी आली, निळी होती आणि रडली नाही. मी तिला उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठे मांजरीच्या पिलासारखा आवाज निघाला. वर्ष झालं तरी मान धरेना. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी कागदावर तीन रशियन अक्षरं लिहिली, डे-त्से-पे. सेरेब्रल पाल्सी. म्हणजे जन्मताना मेंदूला हवा कमी पडली, आता हातपाय त्याचं ऐकत नाहीत. पोरीला समजतं सगळं. बोलते हळू, पण बोलते ते वर्मावर.

गावात अशी मुलं पूर्वीही होती. फक्त कोणाला दिसायची नाहीत. मागच्या खोलीत ठेवत. मलाही तेच सुचलं होतं, खोटं कशाला सांगू. अनारकुलने दुसऱ्याच वर्षी पोस्टातली रिकामी जागा मागून घेतली, एर्निसकडून खुर्चीला मोटरसायकलची चाकं लावून घेतली, आणि पोरीला रोज प्रत्येक दारात नेऊन उभं केलं.

आता पायबंदाचं सांगते. आमच्याकडे मूल पहिली पावलं टाकतं तेव्हा त्याच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळ बांधतात, चरायला सोडलेल्या घोड्याला बांधतात तसा. मग पोरांची शर्यत लावतात. जो पहिला येईल तो सुरीने पीळ कापतो, आणि त्याचा वेग त्या मुलाच्या पायात उतरतो. मग जेवणावळ. बेगिमायचा पायबंद कापायचा राहिलाच होता. बायका म्हणायच्या, पायबंद कापला नाही म्हणून चालत नाही. बरं, कापू या म्हटलं, तर म्हणायच्या, चालत नाही तर कापणार कसा. अनारकुल म्हणाली, "आधी काय करायचं ते तुम्ही आपसात ठरवा. मी तोवर गाईची धार काढून येते."

एर्निस रशियात बांधकामावर असतो. तिथे त्याने फोनवर एक चित्रफीत पाहिली. शहरातला एक दवाखाना, त्याचं नाव मी घेत नाही. पाच-सहा वर्षांचा मुलगा, असाच डे-त्से-पेवाला, आईकडे चालत येतो. चार पावलं. मागे त्याची आजी उभी, रुंद चपान म्हणजे लांब बाह्यांचा झगा घातलेली, डोळे पुसायलाही विसरलेली. एर्निसने ती आम्हाला पाठवली. आम्ही ती इतक्यांदा पाहिली की त्या आजीच्या चपानावरची नक्षी मी आजही भरून दाखवीन.

उपचाराचं नाव मूळ पेशी, ते रशियनमध्ये ऐकून मात्र माझी झोप उडाली. रशियन भाषेत पेशीला आणि पिंजऱ्याला एकच शब्द, क्लेत्का. आणि मूळ पेशीतला 'मूळ' म्हणतात तो शब्द झाडाच्या खोडालाही लागतो आणि बंदुकीच्या नळीलाही. मला वाटलं पोरीच्या पाठीत बंदुकीच्या नळीने पिंजरे घालणार. मी ते नळावर बोलले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की उलकानची, म्हणजे माझी, नात लोखंडाची होणार. अनारकुल हसून हसून खाली बसली. मग तिने मला नीट सांगितलं: पोरीच्याच कमरेच्या हाडातला रस काढतात, त्यातल्या कोवळ्या पेशी वेगळ्या करतात आणि सुईने मणक्यात सोडतात. त्या कोवळ्या पेशी मेंदूला मदत करतील अशी आशा. मी विचारलं, आशा की खात्री. ती म्हणाली, डॉक्टर आशा म्हणाले, कादिरबेक खात्री म्हणाला.

कादिरबेक हा त्या दवाखान्याचा माणूस. डॉक्टर नव्हे, पण डॉक्टरांपेक्षा जास्त बोलायचा. त्यानेच सांगितलं होतं, पानगळीच्या आत पोर पावलं टाकेल.

एर्निसची दोन वर्षांची कमाई आणि आमच्या दोन घोड्या त्यात गेल्या. त्याचं दुःख नाही, घोड्या होतात पुन्हा. मार्चमध्ये गेलो. सुईनंतर दोन दिवस पोरीला उलट्या झाल्या, डोकं दुखलं, चार दिवस ताप. मग उतरला. परत आलो आणि सगळं गाव तिच्या पायांकडे बघायला लागलं. मीसुद्धा. एने म्हणतात आमच्याकडे आजीला, सासूलाही. पोरीने एकदा मला विचारलं, "एने, माझं तोंड वर आहे. तू खाली कोणाशी बोलतेस?"

उन्हाळ्यापर्यंत फरक पडला, नाही असं नाही. पूर्वी पाठीला उशी लागायची, आता चहाची एक वाटी संपेपर्यंत आपली आपण बसायला लागली. झोपेत दचकणं कमी झालं. चमचा धरते, निम्मं सांडते. मूठ तर बरीच लवकर उघडते, पण ती सुईच्या आधीपासूनच लवकर उघडत होती. व्यायाम शिकवणाऱ्या वेरा आन्तोनोव्हना जिल्ह्याहून महिन्याला येतात. त्यांना आम्ही विचारलं हे कशाने झालं. त्या पोरीचा गुडघा दाबत म्हणाल्या, सुईने झालं असेल, टपालाने झालं असेल, किंवा पोर सहा वर्षांची झाली म्हणून झालं असेल. मी तीस वर्षं या कामात आहे आणि मला ते वेगळं करून सांगता येत नाही. आणि चालण्याचं? त्यांनी दुसरा गुडघा घेतला.

ऑगस्टात कादिरबेक गावात आला. फळांची टोपली आणली. मी त्याला घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस दिलं, आणि कुमिसबरोबर माझी जीभही सुटली. सांगून बसले की तुम्ही पानगळीच्या आत म्हणालात म्हणून आम्ही बटाटे काढून झाल्यावरचा पहिला रविवार पायबंद कापायला धरलाय, पाहुण्यांना निरोप गेलेत. हे खरंच होतं. ही चूक माझी. पोर चालायच्या आधी चालण्याचं जेवण मी सांगून मोकळी झाले होते.

कादिरबेकचे डोळे चमकले. अनारकुल टपाल घेऊन बाहेर गेली होती, तेव्हा तो माझ्याजवळ सरकून बसला. म्हणाला, एका सुईने भागत नाही, दुसरी लागतेच, आणि दुसरी आम्ही बेगिमायला फुकट देऊ. फक्त त्या दिवशी मला चित्रीकरण करू द्या. पायबंद कापल्यावर तीन पावलं हवीत. आणि अनारकुलने दोन वाक्यं म्हणायची: सुईच्या आधी हिचा हात उघडत नव्हता, आता ही चालते.

मी म्हटलं, पण ती चालत नाही.

"एने," तो म्हणाला, "तुमचा चपान रुंद आहे. मागे उभं राहून काखेत धरा. समोरून दिसत नाही. दुसरी सुई झाली की ती चालणारच आहे. आपण फक्त थोडं आधी दाखवतोय."

मी हो म्हटलं. याच्यावर पांघरूण घालत नाही. मला वाटलं, तीन पावलांचं खोटं आणि जन्मभराचे पाय. कोणती आजी नाही म्हणेल?

अनारकुलला मी फक्त एवढंच सांगितलं की तो फुकट सुई देतोय आणि जेवणाला येतोय. तिने विचारलं, फुकट का? मी म्हटलं, मनाने चांगला आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चुलीत लाकडं सारायला उठले.

त्या रविवारी सकाळी अंगणात मोठी कढई लावली होती, अनारकुल कणकेचे बोरसोक तळत होती. मी आत बेगिमायला उभं करून सराव करत होते. माझे हात तिच्या काखेत, चपान पुढे ओढून घेतलेला. पोर हसत होती, तिला गुदगुल्या होत होत्या. दोन पावलं झाली. मान वर केली तर दारात अनारकुल, हातात झारा.

"काय चाललंय?"

"पावलं," मी म्हटलं.

"कोणाची?"

मग मला सगळं सांगावं लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पोरीला माझ्याकडून घेतलं, खुर्चीत बसवलं, तिचे पाय नीट केले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"एने, दुसऱ्या सुईने ती खरंच चालली तर? मला हे रोज वाटतं. चूल पेटवताना वाटतं, पिशवी उचलताना वाटतं. तुम्हालाच वाटतं असं समजू नका."

"मग कशाला अडतेस?" मी म्हटलं. "दोन वाक्यं तर आहेत."

"ते बघून दुसऱ्या खोऱ्यातली कोणीतरी आपलं पोर घेऊन निघेल."

"तिचं ती बघेल. आपली एकच पोर आहे."

अनारकुल म्हणाली, "आपणही एक बघूनच निघालो होतो. त्या मुलाच्या मागे आजी होती. रुंद चपानातली. तिचे हात तुम्हाला कधी दिसले का?"

मी त्या चपानाची नक्षी पाठ केली होती. शिंगांची नक्षी, काठाला लाल. हात मात्र कुठे आठवेनात. त्या बाईने डोळे पुसले नाहीत ते का, ते मला तिथे खोलीत उभ्या उभ्या कळलं. हात मोकळे असते तर पुसले असते.

मी चपान काढून खुंटीला लावला. विचारलं, आता जेवण रद्द करायचं का. ती म्हणाली, बोरसोक करपतील, आणि बाहेर गेली. ती काय करणार आहे हे मला दुपारपर्यंत कळलं नाही. तिलाही कळलं होतं की नाही कोण जाणे.

सगळं गाव आलं. मेंढी कापली होती, दक्षिणेच्या सुनेने पुलाव केला होता, गाजरं भरपूर. कादिरबेकने फोन तिकाटण्यावर बसवला, खाली, पोरीच्या पायांच्या उंचीवर. मला नजरेने खुणावलं की चपान कुठे आहे. मी नजर वळवली आणि बोरसोकचं ताट घेऊन दुसरीकडे गेले.

अनारकुलने पोरीला गालिच्यावर बसवलं. काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळ घोट्यांना बांधला. मग उभी राहून म्हणाली, आज शर्यतीला वयाची अट नाही. अट वेगळी आहे. वाटेत कोणी थांबायचं नाही, पाय हलता पाहिजे. आणि पायबंद कापेल तो, जो सगळ्यांत शेवटी पोचेल.

सगळीकडे गलका झाला. असं कुठे असतं का? सोपूबेक आबा काठी आपटत पुढे आले. "पोरी, हे उलटं आहे. कापणाऱ्याचा गुण मुलाला लागतो. तुला लेक हवी की गोगलगाय?"

"माझ्या लेकीपाशी पहिलं येऊन कोणाला काय मिळालंय आबा?" अनारकुल म्हणाली. "तिच्यापाशी थांबावं लागतं. जो थांबू शकेल त्याने कापावं. ज्याला घाई आहे त्याने जेवायला बसावं, पुलाव तयार आहे."

कोणी जेवायला गेलं नाही.

अशी शर्यत मी आयुष्यात पाहिली नव्हती. नाल्याच्या पुलापासून आमच्या अंगणापर्यंत पन्नास पावलं, आणि कोणालाच पोचायचं नाही. पोरं दोन मिनिटांत कंटाळून पळत आली आणि हरली. बायका बोलत बोलत आल्या, बोलता बोलता विसरल्या आणि हरल्या. मागे राहिलो आम्ही म्हातारे. मुंगीसारखे पाय सरकवत. शेवटी सोपूबेक आबा आणि मी.

"उलकान, तू हो पुढे," ते म्हणाले. "तू वयाने लहान."

"तुम्ही पुरुष माणूस, तुम्ही आधी."

"माझे गुडघे दुखतात ग."

"मग लवकर पोचा, बसायला मिळेल."

मी हरले. नातीच्या तोंडाकडे बघितलं, तिने मला "ये" म्हटलं, आणि पाय आपोआप उचलला. आबा माझ्यामागून बऱ्याच वेळाने पोचले. टाळ्या झाल्या. कोणीतरी त्यांच्या हातात सुरी दिली.

तेवढ्यात कादिरबेक पुढे झाला. हसतमुखाने, अनारकुलला ताई म्हणावं तसं, म्हणाला, "एजे, कापायच्या आधी आपली दोन वाक्यं घेऊ या. उजेड चांगला आहे."

अनारकुल पोरीशेजारी बसली आणि फोनकडे बघत बोलायला लागली. मी जवळच होते, मला शब्द न् शब्द आठवतो.

"मी अनारकुल, पोस्टात आहे. ही बेगिमाय, सहा वर्षांची. मार्चमध्ये हिच्या मणक्यात मूळ पेशी सोडल्या. आधी ती उशीला टेकून बसायची, आता चहाची वाटी संपेपर्यंत आपली बसते. झोप बरी लागते. चमचा धरते, सांडते. सुईनंतर दोन दिवस उलट्या झाल्या, चार दिवस ताप होता. चालत नाही. आज जर ती चालताना दिसली असती, तर तिच्या पाठीमागे माणूस असता. फरक सुईने पडला की व्यायामाने की वयाने, मला माहीत नाही. मी व्यायामाच्या बाईंना विचारलं होतं, त्यांनाही सांगता आलं नाही."

कादिरबेकचं हसू तोंडावर तसंच राहिलं, जसं कपडे काढायचे राहून गेले तर दोरीवर राहतात. त्याने हळूच म्हटलं, "एजे, निदान हाताचं तरी सांगा. हात सुईनंतर उघडायला लागला ना."

हे सोपूबेक आबांनी ऐकलं. हातात सुरी होती.

"काय म्हणाला हा? हात कोणी उघडला?"

"आबा, उपचारांनी," कादिरबेक म्हणाला.

"चार वर्षं मी या हातापुढे उभा राहिलोय. थंडीत, वाऱ्यात. माझे गुडघे याच हाताने खाल्ले. पहिल्या वर्षी समोवार थंड व्हायचा. गेल्या हिवाळ्यातच, तुझी सुई व्हायच्या आधी, मी टोपी काढून घालेपर्यंत पाकीट मिळायला लागलं होतं. तो हात आम्ही उघडलाय बाळा. थांबून थांबून."

मग सगळेच पेन्शनवाले बोलायला लागले. माझ्या दारात पहिलं बोट सुटलं. नाही, माझ्या दारात. कोणी म्हणाली, मी रोज तिला लोणी चाटवलं म्हणून. कादिरबेक मधोमध उभा, आणि चहूबाजूंनी म्हातारे हाताची मालकी सांगतायत.

अनारकुलने त्यांनाही सोडलं नाही. आवाज चढवून म्हणाली, "तुमचंही नक्की नाही. त्याचं जसं नक्की नाही तसंच तुमचंही नाही. हात तिचा आहे. तिने उघडला."

गाव जरा नाराजच झालं. आबांचं तोंड उतरलं. एवढी वर्षं थांबून ही पावती. पण सुरी त्यांच्या हातात होती आणि काम बाकी होतं. ते कसेबसे गुडघ्यांवर बसले. पीळ घट्ट होता, सुरी घसरत होती. सगळे श्वास धरून. आबा पुटपुटायला लागले, शिव्याच असाव्यात. बेगिमाय त्यांच्या टकलाकडे बघत होती. मग शब्द एकेक करून, ओठ गोळा करून म्हणाली:

"आबा, घाई... नाही."

हसण्याने अंगण भरलं. आबाही हसले आणि त्या हसण्यात पीळ तुटला. कोणी पोरीला उभं केलं नाही. कोणी म्हटलंही नाही. अनारकुलने तिचे पाय चोळले, खुर्चीत बसवलं आणि वाढायला घेतलं.

कादिरबेकला मी मांसाचा मानाचा तुकडा दिला, पाहुणा तो पाहुणा. त्याने खाल्ला. जाताना अनारकुलला म्हणाला की ती फुकट जागा आता दुसऱ्या कुटुंबाला जाईल. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. ती म्हणाली, "जाऊ दे. त्यांना माझा नंबरही द्या."

एवढं बोलून ती जिंकली असं कोणी समजू नये. संध्याकाळी एर्निसचा फोन आला. त्याला कोणीतरी सगळं कळवलं होतं. तो म्हणाला, मी इथे पाठ मोडून घेतोय आणि तू पोरीचे पाय दोन वाक्यांसाठी फेकून दिलेस. ती ऐकत राहिली. नंतर धार काढायला गेली आणि बराच वेळ गोठ्यातून दुधाची धार वाजलीच नाही. मी बाहेर उभी होते. आत जाऊन काय म्हणणार होते? मलाही मनात तेच वाटत होतं जे माझ्या मुलाला. अजूनही वाटतं कधी कधी. दुसरी सुई लागू पडली असती तर? हा प्रश्न आमच्या घरात राहतो, आमच्याबरोबर जेवतो. त्याला हाकलता येत नाही, म्हणून अनारकुलने त्याला जागा करून दिली आहे. एर्निसचे पैसे जमले आणि पुढे मन झालं तर ती पुन्हा जाईलही. पण स्वतःच्या पायाने जाईल आणि जे होईल ते सांगेल. एर्निस पंधरा दिवस बोलला नाही. मग एक दिवस त्याने फोन करून पोरीलाच विचारलं, काय करतेस. ती म्हणाली, "टपाल." बापलेक तासभर बोलत होते, म्हणजे पोर दहा शब्द बोलली.

त्या दिवशीचं सगळं सोपूबेक आबांच्या लेकीने आपल्या फोनवर घेतलं होतं. तिने ते पुढे पाठवलं. आधी आमच्या खोऱ्यात फिरलं, मग डोंगरापलीकडे, मग कझाकांकडेसुद्धा. अनारकुलला फोन यायला लागले. सगळ्या आया. एकच प्रश्न, जाऊ का नको. ती जा म्हणत नाही, नको म्हणत नाही. आमचं काय झालं ते सांगते, उलट्यांसकट, चमच्यासकट. म्हणते, ते जे दाखवतील त्यात पोराच्या मागे कोण उभं आहे ते विचारा. आणि रोजचा व्यायाम सोडू नका, सुई झाली तरी आणि नाही झाली तरी. काहीजणी रागावून फोन ठेवतात. त्यांना आशा हवी असते आणि ही त्यांना हकीकत देते. काहीजणी रडतात. त्यांच्याबरोबर ती दोन घरं चालून होईपर्यंत गप्प राहते, फोन कानाशी धरून, दुसऱ्या हाताने खुर्ची ढकलत.

परवा आम्ही तिघी सोपूबेक आबांच्या दाराशी होतो. बेगिमायच्या मुठीत त्यांचं वर्तमानपत्र होतं. फोन वाजला. कादिरबेक होता. अनारकुलने मलाही ऐकू येईल असा केला. तो फार अदबीने बोलत होता. म्हणाला, ती चित्रफीत काढून टाकायला सांगा, लोक ती दाखवून आम्हाला उलटसुलट विचारतात, कामात अडथळा येतो.

"त्यातला कोणता शब्द खोटा आहे?" अनारकुलने विचारलं. "तो सांगा, तेवढा काढायला लावते."

आबाही कान देऊन उभे. तो म्हणाला की खोट्याखऱ्याचा प्रश्न नाही, एजे.

"मग माझ्याकडे दुसरा प्रश्न नाही," ती म्हणाली. फोनमध्ये आणखी कोणीतरी वाट बघत असल्याचा आवाज येत होता. अनोळखी नंबर. तिने कादिरबेकचा फोन ठेवला आणि दुसरा घेतला.

"बोला बाई. पोर किती वर्षांचं?"